उआत बेटावर शिडाच्या होडीने: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

फ्रान्सच्या वायव्येकडील ब्रिटनी प्रांताच्या दक्षिण किनाऱ्यावर किबरों नावाचे एक निमुळते द्वीपकल्प समुद्रात घुसलेले आहे. त्याच्या टोकापासून आग्नेयेकडे खडकांची एक तुटक रांग जाते आणि त्या रांगेत उआत व ओएदिक ही दोन छोटी बेटे बसलेली आहेत. उआत सुमारे पाच किलोमीटर लांब आहे, रुंदी जेमतेम सव्वा किलोमीटर, आणि बारमाही वस्ती दोनशेच्या आसपास. फ्रेंच लोक या नावाचा उच्चार जवळजवळ 'वात' असा करतात. मराठी माणसाला त्यात वारा ऐकू आला तर तो शुभशकुन मानावा, कारण या बेटाच्या भेटीत शेवटचा शब्द वाऱ्याचाच असतो. ब्रेटन भाषेत मात्र त्याचा अर्थ बदक आणि ओएदिकचा अर्थ बदकाचे पिल्लू असा सांगितला जातो.

हा लेख ज्यांना शिडाची होडी थोडीफार हाकता येते, पण ब्रिटनीच्या पाण्याचा अनुभव नाही, अशांसाठी आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. उआतला पोहोचणे अवघड नाही. चांगल्या हवेत ते दोन-तीन तासांचे काम आहे. अवघड आहे ते तिथे नांगर टाकून रात्र नीट काढणे. म्हणून पुढील सूचनांमध्ये प्रवासापेक्षा भरती-ओहोटी, रात्रीचा वारा आणि नांगर यांनाच अधिक जागा दिली आहे.

होडी आणि कागदपत्रे

पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकातून व्हान किंवा ओरे या गावांपर्यंत वेगवान रेल्वेने सुमारे अडीच तासांत जाता येते. तिथून पुढे होडी भाड्याने मिळण्याची तीन सोयीची बंदरे आहेत: किबरों द्वीपकल्पाच्या पूर्व बाजूचे पोर हालिगेन, समोरच्या किनाऱ्यावरचे ल क्रूएस्ती आणि उपसागराच्या उत्तरेला असलेले ला त्रिनिते-स्युर-मेर. पोर हालिगेनपासून उआतचे बंदर साधारण आठ-नऊ सागरी मैलांवर आहे, ल क्रूएस्तीपासून नऊ-दहा आणि ला त्रिनितेपासून सुमारे बारा. नवख्यांनी पहिली दोनच बंदरे विचारात घ्यावीत.

फ्रान्समध्ये शिडाची होडी चालवण्यासाठी सरकारी परवाना लागत नाही. परवान्याची अट सहा अश्वशक्तीपेक्षा अधिक ताकदीच्या मोटारबोटींसाठी आहे. याचा अर्थ होडी कोणालाही मिळते असा मात्र नव्हे. भाड्याने देणारी संस्था तुमच्या अनुभवाची लेखी माहिती मागते, मोठी अनामत ठेवून घेते आणि समाधान झाले नाही तर सोबत स्किपर, म्हणजे अनुभवी कप्तान, घेण्याचा आग्रह धरते. तो आग्रह अपमान समजू नये. पहिल्या दिवसापुरता स्थानिक स्किपर घेतला, तर त्याच्याकडून जे शिकायला मिळते ते नकाशा कितीही वेळा पाहून मिळत नाही. अधिक वेळ हाताशी असेल तर एखाद्या शाळेत आठवड्याचा अभ्यासक्रम करावा. याच किनाऱ्यावर, ग्लेनां बेटांवर, 1947 साली सुरू झालेली 'ले ग्लेनां' ही नौकानयनाची शाळा युरोपात नावाजलेली आहे आणि तिचे एक केंद्र जवळच्या मॉर्बियां आखातातील आर्झ बेटावरही आहे. भारतीय पारपत्र असणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो, हे वेगळे सांगायला नको.

होडी ताब्यात घेताना शिडे आणि इंजिन सगळेच तपासतात. त्याशिवाय नांगर बाहेर काढून पाहावा, साखळी किती मीटर आहे ते विचारावे आणि साखळीवर लांबीच्या खुणा रंगवलेल्या आहेत का तेही पाहावे. होडीला तरंगायला नेमके किती पाणी लागते, तो आकडा कागदावर लिहून सुकाणूजवळ चिकटवावा. खोली मोजणारे यंत्र पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजते की कीलच्या (होडीच्या बुडाखालच्या जड पात्याच्या) तळापासून, हे विचारल्याशिवाय धक्का सोडू नये. या एका गैरसमजापायी दीड मीटरचा फरक पडू शकतो.

भरती-ओहोटीचा हिशेब

कोकणात वाढलेल्या माणसाला या पाण्याची भीती वाटण्याचे कारण नाही. उधाणाच्या दिवसांत मुंबईला जेवढे पाणी चढते, साधारण तेवढेच ते किबरोंच्या उपसागरातही चढते. उधाण (पाण्याचा सर्वांत मोठा चढउतार) आणि भांग (सर्वांत लहान) ही आपल्या कोळीवाड्यातली जोडी तिथेही तशीच चालते: अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण, अष्टमीनंतर भांग. फ्रेंचांनी मात्र त्याला आकड्यांत बांधले आहे. प्रत्येक भरतीला 20 ते 120 यांच्या दरम्यानचा एक गुणांक दिलेला असतो. 45 म्हणजे सरासरी भांग, 95 म्हणजे सरासरी उधाण, आणि 100 च्या वर गेला की मोठे उधाण. बंदराच्या कचेरीबाहेर, बेकरीत, वर्तमानपत्रात हा आकडा दिसतो. लोक हवेबरोबर गुणांकाचीही चर्चा करतात.

वेळापत्रक वाचताना दोन सावधगिरी बाळगाव्यात. पहिली म्हणजे, काही छापील पुस्तिकांमधील वेळा वर्षभर हिवाळी वेळेनुसार दिलेल्या असतात आणि उन्हाळ्यात त्यांत एक तास मिळवावा लागतो. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर ते लिहिलेले असते, पण ते पान कोणी वाचत नाही. दुसरी म्हणजे, पाणी सगळ्या तासांत सारखे चढत नाही. भरतीच्या सहा तासांचे बारा हिस्से केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक हिस्सा पाणी चढते. एकूण चढ 4.2 मीटर असेल, तर मधल्या दोन तासांत प्रत्येकी मीटरभराहून थोडे जास्त पाणी वाढते. हा बाराव्या हिश्श्याचा नियम अंदाजाचा आहे, परंतु नवख्याला तो पुरतो.

आता या किनाऱ्याची एक खासियत. उधाणाच्या दिवसांत इथली पूर्ण भरती नेहमी सकाळी लवकर आणि संध्याकाळी येते, उन्हाळी घड्याळानुसार साधारण सहा-सातच्या सुमारास; त्यामुळे पूर्ण ओहोटी दुपारी एकच्या आसपास असते. भांगाच्या दिवसांत हे नेमके उलटे होते. होड्या बहुधा दुपारच्या जेवणाच्या वेळी बेटावर पोहोचतात आणि म्हणून नवखे लोक दोन प्रकारच्या चुका करतात. उधाणात ते पाणी अगदी कमी असताना नांगर टाकतात, दोन-तीन मीटर खोलीला पुरेल एवढीच साखळी सोडतात, आणि संध्याकाळी पाणी चार मीटरने वाढले की नांगर तळ सोडून घसरू लागतो. भांगात ते भरलेल्या पाण्यात किनाऱ्याच्या फार जवळ जातात आणि संध्याकाळी कील वाळूला टेकते.

उदाहरणच घेऊ. नकाशावर खोली 2 मीटर लिहिलेली आहे. ही खोली खगोलीय हिशेबाने शक्य असलेल्या सर्वांत नीच ओहोटीपासून मोजलेली असते, त्यामुळे प्रत्यक्षात तिथे जवळजवळ नेहमीच याहून जास्त पाणी असते. समजा उधाणाच्या दिवशी ओहोटीची उंची 0.8 आणि भरतीची 5 मीटर आहे. म्हणजे दुपारी तिथे 2.8 मीटर पाणी मिळेल आणि संध्याकाळी 7 मीटर. त्यात होडीच्या पुढच्या टोकाची पाण्यापासूनची मीटरभर उंची मिळवून चारपट साखळी सोडायची ठरवली, तर दुपारी पंधरा मीटर पुरेशी वाटते, पण रात्रीसाठी बत्तीस मीटर लागते. साखळी नेहमी येणाऱ्या भरतीच्या हिशेबाने सोडावी आणि जागा नेहमी येणाऱ्या ओहोटीच्या हिशेबाने निवडावी.

वारा: दिवसाचा आणि रात्रीचा

हवामानाचा अंदाज मेतेओ-फ्रान्स ही सरकारी संस्था देते. तो बंदराच्या कचेरीत लावलेला असतो आणि सागरी रेडिओवरूनही वाचला जातो. वाऱ्याचा जोर ब्युफोर्ट श्रेणीत, म्हणजे 0 ते 12 या आकड्यांत, सांगितला जातो. त्या पत्रकातच एक इशारा असतो, आणि तो मनावर घ्यावा: झोत सरासरी वाऱ्यापेक्षा 40 टक्क्यांपर्यंत अधिक असू शकतात आणि सर्वांत मोठ्या लाटा सांगितलेल्या उंचीच्या दुप्पट होऊ शकतात. श्रेणी 7 किंवा त्याहून अधिकची शक्यता असेल तर विशेष इशारा निघतो. नवख्यांसाठी माझी मर्यादा याच्या बरीच आधी संपते. श्रेणी 4 पर्यंत खुशाल निघावे, 5 सांगितले असेल तर अनुभवी माणूस सोबत असेल तरच निघावे, आणि त्यापुढे बंदरात बसून कुट्टूच्या पिठाचे घावन खावेत, ज्याला तिथे गालेत म्हणतात.

आपल्याकडे दिवसा समुद्रावरून येणारा खारा वारा आणि रात्री जमिनीवरून सुटणारा मतलई हे चक्र सर्वांना ठाऊक आहे. दक्षिण ब्रिटनीत उन्हाळ्यात हवा स्थिर आणि आकाश निरभ्र असले की याच जातीचा एक प्रकार घडतो, त्याला तिथले खलाशी 'सूर्याचा वारा' म्हणतात. दिवसभर हलका असलेला वारा संध्याकाळनंतर ईशान्येकडे वळतो, रात्री चांगलाच जोर धरतो आणि सकाळी उशिरा मावळतो. पर्यटकाला ती हवा सर्वोत्तम वाटते. म्हणूनच तो फसतो. उआतची सर्वांत सुंदर नांगरण्याची जागा पूर्वेकडे उघडी आहे आणि शांत, सोनेरी संध्याकाळी तिथे झोपलेला माणूस पहाटे दोनला भांड्यांच्या खडखडाटाने जागा होतो. मीही झालो आहे. त्या रात्री आजूबाजूच्या होड्यांवर एकामागून एक दिवे लागत गेले आणि कोणीच कोणाला काही बोलले नाही. सगळे आपापल्या नांगराकडे पाहत बसले होते.

नकाशा वाचताना

फ्रान्सचे सागरी नकाशे शोम ही सरकारी संस्था काढते. फोनवरचे नकाशे सोयीचे आहेत, परंतु त्या भागाचा कागदी नकाशा सोबत असावा, आणि आदल्या संध्याकाळी तो टेबलावर पसरून सर्वांनी मिळून पाहावा. त्यावरची नावे प्रथम कानाला विचित्र लागतात. त्यांतले पाच-सहा ब्रेटन शब्द समजले की नकाशा बोलू लागतो. 'मेन' म्हणजे दगड, 'कारेग' म्हणजे खडक, 'बेग' म्हणजे भूशीर, 'त्रेअख' म्हणजे वाळूचा किनारा, 'एनेझ' म्हणजे बेट, 'मोर' म्हणजे समुद्र. 'ब्राझ' मोठा, 'बियां' लहान, 'गुएन' पांढरा आणि 'द्यू' काळा. मॉर्बियां हे जिल्ह्याचे नावही असेच बनले आहे: लहान समुद्र, म्हणजे आतले आखात. बाहेरच्या पाण्याला मोर ब्राझ म्हणतात. एखाद्या नावाची सुरुवात 'मेन' ने होत असेल तर तिथे ओहोटीत काय वर येते, हे विचारावे लागत नाही.

बंदरात शिरताना लाल बोया (पाण्यावर तरंगणारी खूण) डावीकडे आणि हिरवा उजवीकडे ठेवायचा, हा नियम भारताप्रमाणेच आहे. खडकांभोवती मात्र पिवळ्या-काळ्या दिशादर्शक खुणा अधिक दिसतील. उत्तरेची खूण वर काळी व खाली पिवळी असते आणि तिच्या माथ्यावरचे दोन्ही शंकू वर टोक करून असतात. याचा अर्थ तिच्या उत्तरेकडून जा. दक्षिणेची याच्या उलट. पूर्वेची काळी-पिवळी-काळी, पश्चिमेची पिवळी-काळी-पिवळी. रात्री पूर्वेचा दिवा तीन वेळा, दक्षिणेचा सहा वेळा आणि एकदा लांब, पश्चिमेचा नऊ वेळा लुकलुकतो, म्हणजे घड्याळाच्या तबकडीवर त्या दिशांना जे आकडे असतात तेच. उत्तरेचा अखंड लुकलुकतो.

या खडकांची कीर्ती जुनी आहे. 20 नोव्हेंबर 1759 रोजी पश्चिमेच्या वादळात फ्रेंच आरमार इंग्रजांना चुकवून या उपसागरात शिरले. अनोळखी खडकांत शत्रू मागे येणार नाही, असा त्याचा होरा होता. पण इंग्रज सेनापती हॉक मागोमाग आत घुसला आणि फ्रेंचांचा मोठा पराभव झाला. इंग्रजांचीही दोन जहाजे उथळ पाण्यात बसली. फ्रेंच इतिहासात ही लढाई ओएदिकच्या आग्नेयेकडील कार्दिनो खडकांच्या नावाने ओळखली जाते.

प्रत्यक्ष प्रवास

सकाळी निघावे. सोबतीला कोणाला बोट लागत असेल तर त्याने गोळी धक्क्यावरच घ्यावी, पाण्यात गेल्यावर नव्हे. जीवनरक्षक जाकिटे अंगावर असावीत आणि सागरी रेडिओ 16 क्रमांकाच्या वाहिनीवर चालू असावा. या किनाऱ्यावर बचावाची जबाबदारी क्रॉस एतेल या केंद्राकडे आहे, आणि फोन लागत असेल तर समुद्रातील संकटासाठी 196 हा क्रमांक आहे.

पोर हालिगेन किंवा ल क्रूएस्तीहून निघाल्यास उपसागराच्या मोकळ्या पाण्यातूनच उआतच्या उत्तर किनाऱ्यावर जाता येते. खडकांची रांग ओलांडावी लागत नाही, आणि नवख्यांसाठी हीच या सफरीची मोठी सोय आहे. तेन्यूझ, बेनिगे आणि सर या तीन वाटा रांगेतून बाहेरच्या समुद्रात जातात. तिथे उधाणात प्रवाह जोरात असतो आणि वारा प्रवाहाच्या उलट असेल तर लाटा उभ्या राहतात. पहिल्या खेपेला त्या वाटांना लांबूनच नमस्कार करावा. मॉर्बियां आखाताच्या आतून निघण्याचा मोह तर मुळीच धरू नये. त्याच्या तोंडाशी उधाणात पाणी आठ-नऊ नॉटने (तासाला आठ-नऊ सागरी मैल) धावते, आणि भाड्याच्या होडीचे इंजिन बहुधा सहाच नॉटचे असते.

बंदर की नांगर?

उत्तर किनाऱ्यावरचे सां-जिल्दास हे बेटाचे बंदर लहान आहे. सहाव्या शतकातील ज्या साधूच्या नावाने ते ओळखले जाते, त्याने परंपरेनुसार इसवी सन 570 मध्ये याच बेटावर देह ठेवला. इथे पहिला मान मासेमारीच्या होड्यांचा आणि किबरोंहून येणाऱ्या प्रवासी बोटीचा. उरलेली जागा पाहुण्यांची. जुलै-ऑगस्टमध्ये ती जागा दुपारपूर्वीच भरते. फेरीच्या धक्क्याला 'पाचच मिनिटे' म्हणूनही होडी लावू नये. शक्य असेल तर मे-जून किंवा सप्टेंबर निवडावा.

बहुतेक होड्या पूर्व किनाऱ्यावरच्या त्रेअख-एर-गुरेद या लांब, पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यासमोर नांगरतात. पश्चिमेचा नेहमीचा वारा असेल तर तिथे उत्तम आडोसा मिळतो आणि तळाची वाळू नांगर घट्ट धरते. उत्तरेकडून येताना बेटाचे पूर्व टोक बरेच लांब ठेवून वळावे, कारण खडक टोकाच्या पुढेही पाण्याखाली पसरलेले आहेत. नांगर टाकताना तळाकडे पाहावे: फिकट दिसते ती वाळू, गडद दिसते ते सागरी गवत. गवतात नांगर नीट रुतत नाही आणि माशांच्या पिल्लांचे घर असलेले ते गवत उपटले जाते, म्हणून दोन्ही कारणांनी ते टाळावे. पिवळ्या बोयांच्या आतले पाणी पोहणाऱ्यांचे आहे.

होडी पूर्ण थांबल्यावर नांगर खाली सोडावा, फेकू नये. होडी वाऱ्याने मागे जाऊ लागली की साखळी हळूहळू सोडावी आणि शेवटी इंजिन मागे चालवून ताण द्यावा. मग किनाऱ्यावरच्या दोन वस्तू, उदाहरणार्थ एक खडक आणि त्यामागचे घर, एका रेषेत धरून दहा मिनिटे पाहत बसावे. रेषा मोडली नाही तर नांगर धरला आहे. शेजारच्या होडीपासून अंतर ठेवताना तिने किती साखळी सोडली आहे, हे सरळ विचारावे. तिथे हा प्रश्न आगाऊपणाचा मानत नाहीत.

आणि मग संध्याकाळचा अंदाज पुन्हा ऐकावा. ईशान्य किंवा पूर्व असे शब्द त्यात असतील, तर उजेड असतानाच नांगर उचलून बेटाच्या दुसऱ्या बाजूला जावे किंवा सरळ मुख्य भूमीवर परतावे. शेजारचे पन्नास जण थांबले आहेत, हे थांबण्याचे कारण होऊ शकत नाही.

बेटावर

किनाऱ्यावर रबरी होडीने जाताना तीही भरती-ओहोटीला बांधील आहे, हे विसरले जाते. पाणी चढत असेल तर ती खूप वर ओढून ठेवावी. उतरत असेल तर परतताना ती रुंद वाळवंटातून पाण्यापर्यंत उचलून न्यायची तयारी ठेवावी. गावात बेकरी आणि किराण्याचे दुकान आहे, पण पिण्याचे पाणी आणि मुख्य शिधा मुख्य भूमीवरूनच आणावा आणि कचरा परत न्यावा. फिरायला पायच पुरेसे आहेत. किनाऱ्याची पाऊलवाट दिवसभरात सहज होते. वाळूच्या टेकड्यांवर उन्हाळ्यात फुलणारी पांढरी सागरी लिली संरक्षित आहे, म्हणून आखलेली वाट सोडू नये. वाटेल तिथे तंबू ठोकून राहण्यालाही मनाई आहे. एकोणिसाव्या शतकात या बेटाचा कारभार गावचा धर्मगुरूच पाहत असे आणि 1891 पर्यंत इथे स्वतंत्र ग्रामपालिका नव्हती. आजही दुकानात शिरताना आधी 'बोंझूर' म्हणावे आणि मग काय हवे ते सांगावे; हा क्रम उलटा झाला तर पाव मिळतो, हसू मिळत नाही.

परतताना

रात्रीचा ईशान्य वारा सकाळीही टिकून असेल, तर ल क्रूएस्तीची वाट जवळजवळ थेट वाऱ्याच्या तोंडावर येते. नऊ मैलांचे अंतर वळणे घेत तेरा-चौदा मैलांचे होते आणि छोट्या, उभ्या लाटांमुळे वेग घटतो. अशा वेळी शीड निघण्यापूर्वीच, नांगरावर असताना आखडून घ्यावे आणि होडी परत करण्याच्या वेळेआधी दोन तास जादा हाताशी ठेवावेत. वारा सहसा उशिरा सकाळी पडतो. घाई नसेल तर तोवर थांबून, दुसरा चहा घेऊन निघालेले अधिक सोयीचे. साखळी उचलताना तिला चिकटलेला गाळ समुद्राच्या पाण्याने तिथेच धुवावा, नाहीतर अनामत परत घेताना होडीच्या पुढच्या कप्प्यातल्या वासाचा विषय निघतो.